प्लावक बल वर्गात मोजायचंय, पण तानकाट्यावर फरकच दिसत नाही. साधा प्रयोग कसा बसवावा?

खडूधूळ
नमस्कार मंडळी. मी नववीला विज्ञान शिकवते, पुढच्या आठवड्यात प्लावक बल, म्हणजे पाणी वस्तूला वर ढकलतं ते बल, घ्यायचंय. नेहमीचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे, दगड तानकाट्याला (स्प्रिंगच्या वजनकाट्याला) टांगायचा, हवेत वजन घ्यायचं, पाण्यात बुडवून घ्यायचं, वजाबाकी केली की झालं प्लावक बल. काल शाळा सुटल्यावर एकटीने बसून करून बघितला आणि वाईट वाटलं हो. दगड ५४ ग्रॅमचा, तानकाटा ५ न्यूटनचा, त्यावरचं सगळ्यात लहान घर ०.१ न्यूटनचं. हवेत काटा ०.५ च्या जरासा पुढे, पाण्यात ०.३ च्या जरासा पुढे. म्हणजे आख्ख्या प्रयोगाचं उत्तर काय तर दोन घरं! आणि काटा नेमका कुठे थांबलाय हे ठरवतानाच माझं अर्धं घर इकडेतिकडे होत होतं. मुलं "कमी झालं" एवढं बघतील, पण *किती* झालं, आणि ते सांडलेल्या पाण्याच्या वजनाएवढंच का, हे कुणाच्याच वहीत उतरणार नाही.

माझ्याकडे सहा तानकाटे आहेत, मोजपात्रं आहेत, १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा एक डिजिटल वजनकाटा आहे आणि एक तास आहे. प्रत्येक गटाच्या हातात स्वतःचा आकडा यायला हवा, मी पुढे उभी राहून दाखवलेला नको. काय करता येईल?

मोजपट्टी
ताई, तानकाट्यात काही खोट नाही, दगड लहान आहे. ५४ ग्रॅमच्या दगडाचं आकारमान साधारण २० मिली धरा, तेवढंच पाणी बाजूला सरतं, त्याचं वजन ०.२ न्यूटन. दोन्ही वाचनांत अर्ध्या अर्ध्या घराची चूक झाली तर वजाबाकीत चक्क एक घर जाऊ शकतं, म्हणजे उत्तरात निम्म्याची चूक. तोच दगड पाचपट मोठा घ्या, २७० ग्रॅमचा. हवेत २.६५, पाण्यात १.६७, फरक ०.९८. आता एका घराची चूक झाली तरी दहातला एक भाग.

थोडक्यात, प्रयोग बसवताना वस्तू किती जड आहे ते बघू नका, किती *जागा* घेते ते बघा. आणि तानकाट्याची शून्यचूक (काही न टांगताही काटा शून्यावर नसणं) काढण्यात तासाची दहा मिनिटं घालवू नका, ती दोन्ही वाचनांत सारखीच असते, वजाबाकीत आपोआप उडून जाते.

बुडबुडा
मोजपट्टी यांना अनुमोदन. त्यात एक भर. दगड खरबरीत असेल तर पाण्यात गेल्यावर त्याच्या अंगाला हवेचे बारीक बुडबुडे चिकटून राहतात, तेही पाणी ढकलतात, मग प्लावक बल जास्त येतं. बोटाने पुसून काढायचे नाहीतर दोरा धरून दोनतीनदा हलकेच झटका द्यायचा. विटेचा तुकडा तर अजिबात घेऊ नका, वीट पाणी पीत राहते आणि वाचन तुमच्या डोळ्यांदेखत सरकत जातं. आमच्या वर्गात एका गटाने विटेवर सलग पाच वाचनं घेतली, पाचही वेगळी, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडं जास्त. बिचाऱ्यांना वाटलं आपलं वाचायला चुकतंय.

तळाशी
माझं मत जरा वेगळं आहे. वजन *वरून* मोजायचं सोडा, *खालून* मोजा. डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा, बटण दाबून आकडा शून्य करा, आता दोऱ्याला बांधलेली वस्तू पाण्यात सोडा, तळाला आणि कडांना टेकू न देता हातात धरून ठेवा. काट्यावर जो आकडा येईल तो थेट बाजूला सरलेल्या पाण्याचं वस्तुमान. ५४ ग्रॅमच्या त्या दगडाला २० दाखवेल, तेही १ ग्रॅमच्या अचूकतेने. वजाबाकी नाही, काटा थरथरत नाही, सगळ्या वर्गाला लांबून आकडा दिसतो.

कारण सरळ आहे, पाणी वस्तूला वर ढकलतं तर वस्तू पाण्याला तेवढ्याच बलाने खाली ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम. ग्रॅमचे न्यूटन करायला किलोग्रॅम करून ९.८ ने गुणा, संपलं.

शांतपाणी
तळाशी, पद्धत अचूक आहे यात वाद नाही, पण पहिल्याच तासाला ही नको असं मला मनापासून वाटतं. मुलाला आधी *वर* ढकलणं जाणवलं पाहिजे. तुमच्या प्रयोगात काट्यावरचा आकडा *वाढतो*! आता नुकतं आपण म्हणालो की पाण्यात वजन कमी भासतं, आणि समोर काटा म्हणतो वाढलं. मी हे करून पस्तावलो आहे. अर्ध्या वर्गाने वहीत "पाण्यात वस्तू जड होते" असं लिहिलं होतं आणि ते पुसायला पुढचे दोन तास गेले.

तळाशी
तो घोळ होतो हे मान्य. पण मला वाटतं तो लपवण्यापेक्षा मुद्दाम घडवून आणावा. दगड वगैरे आणायच्या आधी एका मुलाला पुढे बोलवा आणि फक्त बोट पाण्यात बुडवायला सांगा. भांडं काट्यावर, आकडा शून्य केलेला. बोट तळाला लागलेलं नाही, कशाला टेकलेलं नाही, तरी आकडा ८, १०, १२ असा चढत जातो. बोट वर घेतलं की परत खाली येतो, बोटाला चिकटून गेलेल्या पाण्यापुरता शून्याच्याही किंचित खाली. त्या क्षणी वर्ग एकदम गप्प होतो. मग विचारा, बोटाचं वजन तर तुझा हात पेलतोय, मग हे १२ ग्रॅम कुणाचे? मी हे जितक्यांदा केलंय तितक्यांदा कुणीतरी मागच्या बाकावरून "सर मी करू का?" म्हणून उठलंच आहे.

दोरीगाठ
तुम्ही दोघं भांडताय कशाला, दोन्ही एकत्र लावा की. वर तानकाटा, त्याला दगड, खाली भांडं, भांड्याखाली डिजिटल काटा. दगड हळूहळू खाली सोडा. वरचा काटा जेवढा उतरतो तेवढाच खालचा चढतो. २७० चा दगड असेल तर वर २७० ग्रॅमाएवढ्याऐवजी १७० ग्रॅमाएवढा ताण राहतो, खाली १०० येतात, बेरीज केव्हाही करा २७०. आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, "सर, दगडाचं वजन दोघांनी वाटून घेतलं, थोडं दोरीने, थोडं पाण्याने." त्यानंतर मला फळ्यावर फार काही लिहावं लागलं नाही.

मोजपट्टी
@दोरीगाठ, ते वाक्य मी जपून ठेवणार आहे.

रिकामी_बाटली
मला वाटतं आपण सगळे *मापन* कसं सुधारायचं ते बोलतोय, पण मुलांच्या डोक्यात जो मूळ गैरसमज असतो त्याला अजून कुणी हात घातलेला नाही. बहुतेक मुलांना मनातून वाटत असतं की प्लावक बल वस्तूच्या वजनावर ठरतं. जड वस्तूला पाणी जास्त ढकलतं किंवा कमी ढकलतं, दोन्ही बाजूंचे वकील वर्गात सापडतात. दगडाच्या प्रयोगात याचा निकाल लागतच नाही, कारण मोठा दगड जडही असतो आणि जागाही जास्त घेतो.

म्हणून मी घट्ट झाकणाच्या अगदी एकसारख्या दोन बाटल्या घेतो, सरळ उभ्या बाजूच्या. साधारण ४ सेंमी व्यास, १० सेंमी उंची, म्हणजे आकारमान १२५ मिलीच्या आसपास. एकीत वाळू भरतो, ती १९० ग्रॅम होते. दुसरीत नट-बोल्ट आणि वाळू ठासून, ती ३५० ग्रॅम. दोन्ही बुडतात हे महत्त्वाचं. मग तानकाट्याला लावायच्या आधी प्रत्येकाने वहीत अंदाज *लिहायचा*, शाईने, नंतर खोडायचा नाही. कुठल्या बाटलीचं वजन पाण्यात जास्त कमी होईल? मग मोजायचं. वाळूची: हवेत १.८५, पाण्यात ०.६५. बोल्टची: हवेत ३.४५, पाण्यात २.२. फरक १.२ आणि १.२५. घरांच्या चुकीत दोन्ही सारखेच. आणि हिशेबाने यायला हवं १.२२.

दोन्ही बाटल्या हातात घेतलेल्या असतात ना मुलांनी, एक जवळजवळ दुप्पट जड आहे हे मनगटाला कळलेलं असतं, तरी पाणी दोघींना सारखंच ढकलतं. हे पुस्तकातून होत नाही.

खडूधूळ
रिकामी_बाटली, हे फारच आवडलं. आणि आकडेसुद्धा माझ्या तानकाट्यावर वाचण्याजोगे आहेत! एक शंका, १० सेंमीची बाटली उभी बुडायला भांडं खोल लागेल, माझी चंचुपात्रं बुटकी आहेत.

रिकामी_बाटली
दोन लिटरची पाण्याची प्लास्टिकची बाटली वरून कापा, उत्तम खोल भांडं होतं, आरपार दिसतं. कापलेल्या कडेला चिकटपट्टी लावा म्हणजे हात कापणार नाहीत. आणि झाकणाखाली हवा राहू देऊ नका म्हणतात काही जण, पण त्याची गरज नाही, झाकण गळत नसलं की आतली हवा राहिली तरी बाहेरचं आकारमान तेच.

वहीचं_शेवटचं_पान
त्याच बाटलीवर बाहेरून दर १ सेंमीला रेघ मारा आणि एकेक रेघ बुडवत वाचन घ्यायला लावा. ४ सेंमी व्यास म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ १२.६ चौरस सेंमी, म्हणजे प्रत्येक रेघेला १२.६ ग्रॅम पाणी. डिजिटल काट्यावर २५, ३८, ५०, ६३ असे आकडे येत जातात. आलेख काढला की सरळ रेघ वर चढते आणि बाटली पूर्ण बुडाली की एकदम आडवी होते. नंतर कितीही खोल न्या, आकडा हलत नाही. "खोल गेल्यावर जास्त ढकलेल" हा दुसरा मोठा गैरसमज तिथेच निघतो. दाब खोलीबरोबर वाढतो हे खरं, पण तो वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांवर सारखाच वाढतो, फरक तेवढाच राहतो.

एक गोष्ट मात्र सांभाळा. मुलं हात किती खाली नेला ते पट्टीने मोजायला जातात. ते चूक, कारण बाटली आत जाते तसं भांड्यातलं पाणी वर येतं. हात ३ सेंमी खाली गेला तरी ४ सेंमी बुडालेली असू शकते. मोजायचं ते बाटलीच्या अंगावरच्या रेघेने.

निरीक्षक
तुम्ही सगळे सांडणीचं भांडं (काठोकाठ भरलं की जादा पाणी चोचीतून सांडतं ते) विसरलात का? आर्किमिडीजचं तत्त्व म्हणजे प्लावक बल बरोबर *सांडलेल्या* पाण्याचं वजन. ते गोळा करून तोलल्याशिवाय तत्त्व सिद्ध कसं होणार? डिजिटल काट्याने ते गृहीत धरल्यासारखं होतं.

बुडबुडा
निरीक्षक, तुमचं म्हणणं तत्त्वाला धरून आहे पण सांडणीच्या भांड्याने मला भरपूर रडवलंय. १०० मिलीची वस्तू बुडवायची आणि गोळा व्हायचं ९४, कधी ९५. चोचीच्या तोंडाशी पाणी फुगून थांबतं, पृष्ठताणामुळे. हिशेब करून बघा, भांडं १० सेंमी व्यासाचं असेल तर पातळी नुसती अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे राहिली तरी ४ मिली गेले. मुलं मग म्हणतात तत्त्व बरोबर नाही.

निरीक्षक
अरुंद भांडं घ्या मग. ६ सेंमी व्यास असेल तर त्याच अर्ध्या मिलिमीटरला दीड मिली सुद्धा जात नाही. आधी पाणी ओसंडेपर्यंत भरायचं, शेवटचा थेंब पडून पूर्ण थांबेपर्यंत धीर धरायचा, मगच खाली कोरडं पात्र ठेवायचं. वस्तू अगदी सावकाश सोडायची. पाण्यात साबणाचा एक थेंब टाकला तर चोचीशी फुगवटा कमी होतो. मी असं करून ९८-९९ पर्यंत आणलंय. मेहनत आहे, पण सांडलेलं पाणी आणि कमी झालेलं वजन शेजारी शेजारी ठेवून बघण्यात जे समाधान आहे ते बटण दाबून मिळत नाही.

मोजपट्टी
दोघांचंही बरोबर आहे. सांडणीऐवजी मोजपात्रातली पातळी किती वर गेली ते वाचलं तरी आकारमान स्वतंत्रपणे मिळतं. मग गृहीत धरल्यासारखं होत नाही. फक्त त्यासाठी बाटली आत मावेल एवढं रुंद मोजपात्र हवं.

काठावर
जरा अवांतर करतो. मुकुटाची गोष्ट सगळेच सांगतात, अंघोळीचा टब, पाणी सांडलं, युरेका. ती गोष्ट आपल्याला मिळते ती रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसकडून, आर्किमिडीजनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. आर्किमिडीजचा तरंगणाऱ्या वस्तूंवरचा ग्रंथ आहे, त्यात तत्त्व आहे पण मुकुट नाही.

आणि गंमत म्हणजे मुकुटाचा हिशेब केला की तुमचीच चर्चा समोर येते. समजा १ किलोचा मुकुट. शुद्ध सोनं असेल तर आकारमान ५२ मिली. ३०० ग्रॅम चांदी मिसळली तर ६५ मिली. फरक १३ मिली. मुकुट मावेल असं २० सेंमी व्यासाचं भांडं घेतलं तर पाण्याच्या पातळीत फरक पडतो ०.४ मिलिमीटर! तो कुणाला दिसणार? पण तराजूला टांगून पाण्यात बुडवला तर १३ ग्रॅमचा फरक, तो सहज कळतो. तरुण गॅलिलिओने १५८६ साली छोट्या तराजूवर टिपण लिहिलं त्यात हेच म्हटलंय, की पाणी सांडून मोजणं ढोबळ आहे, आर्किमिडीजने तराजूच वापरला असणार.

बुडबुडा
काठावर, म्हणजे गॅलिलिओ माझ्या बाजूने :-)

निरीक्षक
गॅलिलिओपुढे माघार घेतो. पण साबणाचा थेंब टाकून बघा एकदा.

शांतपाणी
अवांतर नाहीच हे, वर्गात हा हिशेब द्यायला हवा. बरं, मूळ मुद्दा. वेळ उरला तर मिठाचं पाणी नक्की घ्या. १ लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवलं की घनता १.०६ च्या आसपास होते. बाटलीला साध्या पाण्यात १२५ येत असेल तर इथे १३३ येईल. तानकाट्यावर तो फरक एका घराहून कमी, म्हणजे दिसणारच नाही, इथे डिजिटल काटाच लागतो. मीठ विरघळेनासं होईपर्यंत टाकलं तर १५० पर्यंत जातं आणि मग तानकाट्यावरही कळतं.

दोरीगाठ
तरंगणारी वस्तू विसरू नका. लाकडाचा ठोकळा तानकाट्याला लावून पाण्यावर सोडला की काटा शून्यावर येतो आणि मुलं पटकन म्हणतात प्लावक बल शून्य. उलट आहे, पूर्ण वजनाएवढं आहे! हा प्रश्न मी तोंडी परीक्षेला हमखास विचारतो.

नवखा_मास्तर
मी या वर्षीच शिकवायला लागलोय. सगळे धडाधड ग्रॅम म्हणताहेत, पण बल न्यूटनमध्ये ना? मुलं "प्लावक बल १२५ ग्रॅम" लिहितील त्याचं काय करायचं?

तळाशी
चांगला प्रश्न. वहीत तीन रकाने पाडा, काट्यावरचा आकडा ग्रॅममध्ये, त्यापुढे किलोग्रॅममध्ये, त्यापुढे बल न्यूटनमध्ये. काटा बलच ओळखतो पण वस्तुमानाच्या भाषेत सांगतो, एवढं एकदा सांगून ठेवा. १२५ ग्रॅम, ०.१२५ किलो, १.२२ न्यूटन. दोनतीन ओळी भरल्या की हाताला सवय होते.

खडूधूळ
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं, आधी बोट, मग दोन बाटल्या तानकाट्यावर गटागटाने, शेवटी रेघांच्या बाटलीचा आलेख डिजिटल काट्यावर सगळ्यांनी मिळून. शनिवारी बसून सहा जोड्या बाटल्या भरते.

खडूधूळ
झाला तास! लगेच लिहायला बसलेय.

बोटाचं तळाशी म्हणाले तस्संच झालं, एकदम शांतता. अंदाजात ३६ पैकी २२ जणांनी "जड बाटलीचं वजन जास्त कमी होईल" लिहिलं, ९ जणांनी उलट, फक्त ५ जणांनी सारखं. सहा गटांचे आकडे फळ्यावर लिहिले, वाळूच्या बाटलीचे: १.२, १.२५, १.२, १.१५, १.६ आणि ०.९५. आधी मी त्या शेवटच्या दोन गटांकडे जाणार होते, मग म्हटलं थांबावं. "यातले कुठले आकडे वेगळे वाटतात, आणि का झालं असेल?" एवढंच विचारलं. १.६ वाल्यांनी परत लावून बघितलं, बाटलीचा तळ भांड्याच्या तळाला टेकत होता, दोरा ढिला पडला होता. ०.९५ वाल्यांचं झाकण पाण्याबाहेर राहिलं होतं, ते त्यांना शेजारच्या गटाने दाखवलं. दोघांनी पुन्हा घेतलं, १.२ आणि १.२. त्या वेळी जो आरडाओरडा झाला तो शेजारच्या वर्गापर्यंत गेला.

आलेखाला वेळ कमी पडला, सहाच बिंदू झाले, आडवी रेघ उद्या.

एक प्रश्न घेऊन आलेय. रेघांच्या बाटलीच्या वेळी एका मुलाने विचारलं, "दोरा कापला तर काटा किती दाखवेल?" मी म्हटलं कापून बघू आणि घंटा झाली. तळाला पोचल्यावर बाटलीचं सगळं वजन येणार, १९०, ते कळतंय. पण खाली *जाताना*?

तळाशी
वा, काय प्रश्न विचारलाय त्याने! दोरा सुटल्या क्षणी बाटलीवर पाण्याचं वर ढकलणं तेवढंच, म्हणजे आकडा १२५ च्या आसपास. मग तिचा वेग वाढतो तसा पाण्याचा अडथळा वाढतो, तोही पाण्याला खाली ढकलतो, आकडा चढत जातो. भांडं पुरेसं खोल असेल आणि बाटली एकाच वेगाने बुडायला लागली तर तळाला टेकायच्या *आधीच* १९० दाखवेल.

दोरीगाठ
पण ते घडतं अर्ध्या सेकंदात, काट्याचा आकडा तेवढ्यात बदलत नाही. फार हळू बुडणारी वस्तू हवी. बाटलीतली वाळू काढत काढत ती जेमतेम बुडेल अशी आणा, १२५ मिलीला १२७-१२८ ग्रॅम.

मोजपट्टी
मग १२५ आणि १२८ मधला फरक तो काय दिसणार, १ ग्रॅमच्या काट्यावर? त्यापेक्षा पाणी बदला, घट्ट काहीतरी घ्या. ग्लिसरीन उंच नळीत भरून बारीक गोळी सोडली तर सावकाश खाली जाते, पण गोळी बारीक म्हणजे काटाही बारीक मोजणारा लागेल.

खडूधूळ
कॉलेजच्या प्रयोगशाळेत ०.०१ ग्रॅमचा काटा आहे, मागून बघते. त्या मुलाला उद्या सांगते की अजून उत्तर चाललंय, आणि वाळू काढत बाटली जेमतेम बुडेल अशी करण्याचं काम त्यालाच देते.